सोडताना शून्य

लिहिणाऱ्यांमध्ये माझी गणती नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी गेलो तो विज्ञानाकडे, आणि त्यातला भौतिकशास्त्राचा पेपर माझा अजून निघालेला नाही. अशा मुलाने भौतिकशास्त्राच्या शिक्षकाविषयी लिहायला बसावं हे वाचणाऱ्याला आगाऊपणाचं वाटेल. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण मेत्रे सरांविषयी दुसरं कुणी लिहिताना दिसत नाही, आणि ते कसे होते हे मला विसरायचं नाही.

आमच्याकडे, कर्नाटकात, अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. आळंदच्या ज्या कॉलेजात मी पीयूसी केली, तिथे विज्ञानाच्या वर्गात मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं. सर वर्गात आले की हजेरी नाही, फळा पुसणं नाही, सरळ त्या कपाटाकडे जायचे. काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि आमच्याकडे वळायचे. "ह्ये बगा, व्हर्नियर. ह्ये भिंग. अन् त्यो कोपऱ्यात, दोरीला लटकलाय, त्यो लोलक. बगून ठेवा." पहिल्या दिवशी आम्ही सगळे माना उंच करून बघत होतो. मला वाटलं, आता कपाट उघडतील. सर फळ्याकडे गेले. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली प्राचार्यांच्या टेबलात होती. तपासणीला कुणी आलं तर सामान पुरं दिसलं पाहिजे, फुटता कामा नये, असा संस्थेचा नियम होता.

सर ठेंगणे होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दोन्ही हातांवर कायम खडूचा पांढरा थर. मूळचे बीदरकडच्या निर्ण्याचे. वडील मेंढरं राखायचे. "आमच्या घरात गणित म्हंजी सांजच्याला मेंढरं मोजायचं, तेवढंच," असं ते हसत सांगायचे. आळंदला एका खोलीत एकटे राहायचे, शनिवारी संध्याकाळच्या बसने गावाकडे जायचे आणि सोमवारी सकाळी परस्पर वर्गात उभे असायचे. पुष्कळदा पिशवीतून ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा.

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. आम्ही दहावीपर्यंत मराठीत शिकलेलो, पीयूसीची पुस्तकं इंग्रजीत. पानच्या पान वाचलं तरी हाताला काही लागायचं नाही. सर म्हणायचे, "वाचू नका, म्हणा." मग ते एक ओळ म्हणायचे, आम्ही सगळे मिळून त्यांच्या मागून म्हणायचो. लोलकाचं सूत्र, ते कसं सिद्ध करायचं, कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, सगळं तोंडपाठ. पावकी-निमकी म्हणावी तशा सुरात. बाहेरच्या चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा आमच्याबरोबर गुणगुणायचा. परीक्षेत कुठल्या धड्यावर किती गुणांचा प्रश्न येतो ते सरांना पक्कं माहीत असायचं. त्यांच्या हाताखाली कुणी नापास झालं नव्हतं. रोजंदारीवर जाणाऱ्यांची, मेंढरं राखणाऱ्यांची, तुरीच्या रानात राबणाऱ्यांची मुलं सायन्स पास होत होती. ही लहान गोष्ट नव्हती. मी आज काहीही लिहिलं तरी ही गोष्ट लहान नव्हती.

आमच्या वर्गात सविता नावाची मुलगी होती. तिला गप्प बसता यायचं नाही. एकदा सगळा वर्ग लोलकाचं सूत्र म्हणत असताना ती मध्येच उभी राहिली.

"सर, ह्यो टू पाय कुठून आला?"

"आलाय. म्हण तू."

"म्हणायलेच की. पर कुठून आला?"

"ते नंतर कळतंय."

"नंतर म्हंजी कवा, सर?"

"डिग्रीला. तिथं मोठे मोठे प्रोफेसर ऱ्हातेत. आधी पास व्हा, मग समजून घ्या. आधीच समजून घ्याला बसलीस तर पास कवा हुशील?"

वर्ग हसला. सविताही हसली. सरांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांचा त्यावर विश्वास होता. नंतर कुणीतरी आहे, पुढे कुठेतरी एक वर्ग आहे, तिथे सगळं उलगडून सांगतात, आपलं काम मुलांना त्या दारापर्यंत पोचवण्याचं. ते स्वतः असेच पोचले होते. त्यांच्यासाठी ते दार उघडलं होतं का, हे तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

प्रॅक्टिकलचंही तसंच. परीक्षेआधी सर फळ्यावर रीडिंग लिहून द्यायचे, म्हणजे प्रयोग करून जी मापं यायला हवीत ती. दोरीची लांबी इतकी, वीस झोक्यांना वेळ इतका, त्यावरून गुरुत्वाचं मूल्य, सेंटिमीटरच्या हिशेबात, नऊशे ऐंशी. कित्येक वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बॅचपासून ते आकडे चालत आले होते. आम्ही ते पाठ केले. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी चहा घेतला, आमच्या वह्यांवर सह्या केल्या आणि बसच्या वेळेला उठले. त्या दिवशी कपाट उघडलं होतं. सामान टेबलावर मांडून ठेवलेलं होतं. हात कुणी लावला नाही.

बारावीचा निकाल लागल्यावर सर आमच्या घरी आले. आमची वस्ती गावाच्या बाहेरच्या अंगाला, बुद्धविहाराच्या मागे. बाबांचं म्हणणं होतं की बीए करावं, लवकर काहीतरी हाताला लागतं. सर ओट्यावर बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "अक्का, पोराला बीएस्सीला घाला."

"सर, आमाला ह्यातलं काय कळतंय? तुमी म्हणता तसं करू. पर निभंल का त्याला?"

"निभंल की. ह्यो एमएस्सी करून परत आळंदला येणार. माझ्या जागी. मी रिटायर होऊन मेंढरं घेतो."

"मेंढरं कामून घेता आता? एवढं शिकून?" आई म्हणाली.

"ती परश्न इचारत न्हाईत, अक्का."

आई पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी माझं ठरलं. सरांच्या जागी जायचं. पुढे मी जे काही केलं किंवा मला जे करता आलं नाही, ते सगळं या एका वाक्याशी बांधलेलं आहे.

कलबुर्गीच्या डिग्री कॉलेजात सविता आणि मी एकाच वर्गात आलो. पहिल्याच तासाला प्रोफेसरांनी फळ्यावर काही चिन्हं लिहिली आणि म्हणाले, "हे तुमचं पीयूसीत झालंय, यावर वेळ घालवत नाही." पुढच्या आठवड्यातही तेच. झालंय, सोडा, पुढे चला. ते वाईट नव्हते. त्यांनाही पोर्शन संपवायचा होता. सविताने माझ्याकडे बघितलं. तिथे नंतर म्हणून सांगितलं होतं, इथे आधी झालं म्हणून सांगत होते. ज्या वर्गात ते खरोखर शिकवतात तो वर्ग आमच्या वाटेत कुठेच लागला नव्हता.

प्रयोगशाळेत पहिला प्रयोग लोलकाचा निघाला. मला आनंद झाला, कारण हा मला येत होता. मी वही उघडली, तक्ता आखला आणि रीडिंग लिहायला घेतले. प्रयोगशाळेच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्याचं मला कळलं नाही. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "दोरी अजून बांधलीच नाहीस, आणि उत्तर आलंसुद्धा?" मग त्यांनी सविताची वही घेतली. तेच आकडे, त्याच क्रमाने. "आळंदचे का रे तुम्ही? दर वर्षी तिकडून हेच येतं." सगळी प्रयोगशाळा हसली. मॅडमही हसल्या, मग त्यांनी स्टँडकडे बोट दाखवलं. मी दोरी हातात घेतली. ती कुठून कुठपर्यंत मोजायची हे मला माहीत नव्हतं. वरच्या गाठीपासून गोळ्यावरच्या हुकापर्यंत, की गोळ्याच्या मध्यापर्यंत? सूत्र मी झोपेतही म्हटलं असतं. त्या सूत्रातली लांबी म्हणजे माझ्या हातातली ही दोरी, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दिवाळीच्या सुट्टीत आळंदच्या बसस्टँडवर सर भेटले. आम्हा दोघांना बघून ते इतके खूश झाले की चहाबरोबर चुरमुऱ्याचा सुशीलाही सांगितला. कसं चाललंय, असं विचारलं. मी बरं चाललंय म्हणणार होतो. सविताने मला बोलूच दिलं नाही.

"सर, तुमचं रीडिंग तिथं चालंना."

"म्हंजी?"

तिने सगळं सांगितलं. मॅडमचं हसणंसुद्धा. सरांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आमच्या सरांनी आमाला दिल्ते. मी तुमाला दिलो. मला वाटलं, खरेच असतेल." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमी करून बगितलं का तिथं? किती येतंय?" त्यांच्या आवाजात शिक्षक नव्हता. विद्यार्थ्यासारखं विचारत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला कॉलेजात बोलावलं. प्राचार्यांकडून किल्ली कशी मिळवली ते सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "फुटलं तर पगारातून भरतो म्हणलो." सुट्टी होती, तरी आवारातली चारपाच मुलं आत आली. कपाट उघडलं तेव्हा लाकडाच्या भुशाचा वास आला. स्टँडचा पाय वाळवीने खाल्लेला होता. लोलकाची दोरी हात लावताच तुटली. सविताने खिडकीच्या गजाला नवा दोरा बांधला आणि मी मोबाइलवर वेळ लावायला उभा राहिलो. सरांनी लांबी नीट मोजली, गोळ्याच्या मध्यापर्यंत, बरोबर एक मीटर. मग गोळा बाजूला ओढून धरला. सगळ्यांनी सवयीने एका सुरात मोजायला सुरुवात केली. गोळा सुटला तेव्हा "एक". पलीकडे जाऊन परत आला तेव्हा "दोन".

उत्तर आलं एक हजार अठ्ठ्याऐंशी. परत केलं. परत तेवढंच, दोनचार इकडेतिकडे. सरांच्या कपाळावर घाम आला. "माझंच कायतरी चुकायलंय," ते म्हणत होते. तिसऱ्यांदा गोळा सोडताना सविता ओरडली, "सर, थांबा! सोडताना एक म्हणू नका. शून्य म्हणा."

"शून्य?" सर वैतागले. "मेंढरू दारातून गेलं की एक. शून्य मेंढरू कसं मोजायचं गं?"

"मेंढरू भाईर सोडलं तवा शून्य. चरून माघारी आलं तवा एक. अजून आलंच न्हाई तर मोजायलाव कामून?"

सरांनी गोळा पुन्हा नीट ओढून धरला. मग त्यांनी गोळा सोडला आणि एकटेच मोठ्याने म्हणाले, "शून्य." त्या जवळजवळ रिकाम्या वर्गात तो शब्द मला अजून ऐकू येतो. या वेळी वीस झोक्यांना चाळीस सेकंदांहून किंचित जास्त लागले. उत्तर नऊशे सत्त्याहत्तर आलं. सरांनी गणित दोनदा तपासलं. मग खाली बाकावर बसले आणि खडूने माखलेले हात मांडीवर ठेवून म्हणाले, "आलं की. आपल्या खिडकीत आलं." आणि थोड्या वेळाने, "इतकी वर्षं ह्ये कामून कुणी सांगितलं न्हाई मला?"

त्या वर्षी सर बदलले. हे मी तिथे नव्हतो तरी सांगू शकतो, कारण सुट्टीत गेलो की मुलं तक्रार करत भेटायची. सर म्हणायला लावत नाहीत. सर एका लोलकावर आठवडा घालवतात. सर विचारतात, तुला काय वाटतं. पोर्शन मागे राहिलाय. परीक्षेचा कागद मात्र बदलला नव्हता. त्यात तीच सिद्धता लिहा, तोच धडा, तेवढेच गुण. प्रॅक्टिकलला मुलांनी स्वतः मोजलेलं लिहिलं. कुणाचं नऊशे पन्नास आलं, कुणाचं हजारावर गेलं, दोरा सुती होता, खिडकीतून वारा यायचा. बाहेरून आलेल्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली. उत्तर चूक. शेजारच्या कॉलेजातल्या मुलांनी नऊशे ऐंशी लिहिलं होतं, त्यांना पूर्ण गुण.

मेत्रे सरांच्या हाताखालची मुलं पहिल्यांदाच नापास झाली. पालक कॉलेजात आले. संस्थेने सांगितलं की असाच निकाल राहिला तर सायन्स बंद करावं लागेल, आणि किल्ली परत करा. सरांनीच हे मला सांगितलं, कलबुर्गीच्या बसस्टँडवर, आमच्या शेवटच्या भेटीत. कुठल्याशा कागदाच्या कामाला आले होते. चेहरा उतरला होता, खोकत होते.

"दिलात का किल्ली?"

"नंतर देतो म्हणलो." त्या भेटीत ते पहिल्यांदाच हसले. "आता तेबी नंतरच."

मग सरांनी मला विचारलं, "तुझा फिजिक्सचा पेपर निघाला का, मिलिंदा?"

"न्हाई, सर. परत बसायचंय."

"निघंल. सविता?"

सविता पहिल्या वर्षानंतर हैदराबादला बहिणीकडे गेली होती आणि एका औषधाच्या दुकानात लागली होती. मी तसं सांगितलं. सर फलाटावरच्या गाड्या बघत बसले. बीदरची गाडी लागली तेव्हा उठले आणि म्हणाले, "ती मोजायला बरोबर शिकली होती रे." पायरीवर चढून परत मागे वळले. "तू पेपर काढ. मी जागा धरून ठेवतो."

त्यानंतर मी आळंदला फारसा गेलो नाही. पेपर निघाल्याशिवाय त्यांच्यापुढे उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा बसलो, दोनदा राहिला. पुस्तकातलं पाठ करायला गेलो की आता पाठ होत नाही, आणि समजून घ्यायला गेलो की खाली काहीच नाही, प्रत्येक गोष्ट मागच्या कुठल्यातरी न शिकलेल्या गोष्टीवर उभी असते. मी सरांना दोष देत नाही. कुणाला द्यावा हे मला कळत नाही. प्रोफेसर म्हणतात तिकडे झालं, पीयूसीवाले म्हणतात पुढे होईल, आणि आमच्यासारखे मधल्या मोकळ्या जागेत उभे राहतात.

गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल परत करायला प्रयोगशाळेत गेलो होतो. पहिल्या वर्षाची नवी मुलं आली होती. शेजारच्या टेबलावर एक मुलगी वहीत झराझर लिहीत होती आणि तिचा लोलक स्टँडवर तसाच, न हलता लटकलेला. मी सहज तिच्या तक्त्याकडे बघितलं. पहिल्या ओळीत एक मीटर, वीस झोके, चाळीस सेकंदांहून किंचित जास्त. खाली उत्तर, नऊशे सत्त्याहत्तर.

"आळंदची का?" मी विचारलं.

"व्हय, अण्णा. तुमाला कसं कळलं?"

"हे रीडिंग कुणी दिले?"

"मेत्रे सरांनी. औंदा परत सगळं म्हणून घेत होते, पैल्यावानी. आमी समदे पास झालाव. रीडिंग फळ्यावर लिवून दिले अन् म्हणले, पाठ करा. पर ह्ये तरी खरे हायत, आपल्याच खिडकीत निघालेत."

मी विचारलं, सर कसे आहेत, अजून कपाटावर टकटक करतात का.

तिने पेन खाली ठेवलं. "अण्णा, तुमाला कुणी सांगितलं न्हाई? सर वारले की. उन्हाळ्याच्या सुट्टीत, निर्ण्यात. किल्ली त्यांच्याच शर्टाच्या खिशात होती म्हणं. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून माणूस गेल्ता, मागून आणली. कपाट लावून टाकलंय."